पाच घरांचं रिव्हॉल्व्हर

बाबूजी त्याला पिस्तूल म्हणू द्यायचे नाहीत. पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं. ज्याच्या पोटात गोळ्यांची चकरी फिरते ते रिव्हॉल्व्हर, असं ते दुकानात मीठ-तेल घ्यायला आलेल्या माणसालाही समजावून सांगत. माणूस मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "पाटीलजी, एकडाव दाखवा ना तुमचं पिस्तोल." बाबूजी हात जोडायचे. ती वस्तू उगाच कुणाला दाखवायची नसते असं त्यांचं मत होतं. तिची गोष्ट सांगायला मात्र ते कधी थकले नाहीत.

आमचं घर कोहमाऱ्याच्या चौरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. आता तिथे ढाब्यांची रांग लागली आहे आणि ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडायला मला नातवाचा हात धरावा लागतो. तेव्हा दिवसाला चार-सहा मोटारी गेल्या तरी पुष्कळ झाल्या. पुढे बाबूजींचं किराण्याचं दुकान, मागे राहतं घर, त्यामागे आंगण, आंगणाच्या कडेला ढेकी आणि तिच्या पलीकडे थेट आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. ढेकी म्हणजे पायाने चालवायचं, धान कांडायचं लांब लाकूड. माय आणि शेजारच्या काशीबाई त्यावर एका तालात पाय मारायच्या, आणि तो धप्प-धप्प आवाज घरभर इतका मुरलेला होता की तो थांबला तरच आम्ही माना वर करायचो. दिवाळीनंतर धान उकडायला मोठ्या हंड्या चुलीवर चढायच्या. उकडत्या धानाचा तो ओलसर, थोडा आंबूस वास मला आजही कुठे आला तर मी तेरा वर्षांची होते.

घरात आम्ही चौघंच होतो. बाबूजी, माय, बाबूजींचे धाकटे भाऊ शंकरकाका, ज्यांचं अजून लग्न व्हायचं होतं, आणि मी. आणि एक ते रिव्हॉल्व्हर, असं काका म्हणायचे.

त्याची गोष्ट बाबूजी नेहमी एकाच क्रमाने सांगत. सडकेच्या खात्यातला एक इंग्रज इंजिनिअर आमच्या भागात पुलांची कामं पाहायला असायचा. जंगलात त्याचे तंबू पडले की शिधा बाबूजींच्या दुकानातून जायचा. एका पावसाळ्यात साहेबाला काळज्वर भरला, नाल्याला पूर होता, मोटार पलीकडे अडकलेली. बाबूजींनी त्याला बैलांच्या दमणीत घातलं आणि आडवाटेने दोन दिवसांनी गोंदियाच्या गाडीवर नेऊन पोचवलं. साहेब वाचला. पुढे स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी साहेब-मेमसाहेब सामान आवरून निघाले, तेव्हा मेमसाहेबांनी बाबूजींना बंगल्यावर बोलावून ही वस्तू दिली. ती साहेबाची नव्हतीच, तिची होती. तिच्या वडिलांनी ती पहिल्या महायुद्धाच्या आधी विलायतेत घेतली, ते आसामात चहाच्या मळ्यावर होते तेव्हा त्यांच्या उशाशी ती असायची, मग बोटीने परत गेली, आणि मुलीने जंगलात तंबू ठोकणाऱ्या माणसाशी लग्न केलं म्हणून पुन्हा बोटीने इकडे आली. मेमसाहेबांनी सगळ्या आयुष्यात ती एकदाच झाडली होती, तंबूशी आलेल्या तरसाला भिववायला. तरस पळालं आणि साहेबाचा हुक्का फुटला. इथे बाबूजी थांबत आणि ऐकणारा हसेपर्यंत वाट पाहत.

वस्तू एवढीशी होती. नळी माझ्या करंगळीहून थोडी लांब, मूठ अक्रोडाच्या लाकडाची, एका बाजूने टवका उडालेली. बाईमाणसाच्या बटव्यात मावावी म्हणूनच ती तशी आखूड केलेली असते, असं बाबूजी सांगत. पण हातात घेतली की भरल्या तांब्यासारखी जड. वरची कळ दाबली की ती मधोमध मोडल्यासारखी उघडायची आणि चकरीची पाच घरं दिसायची. घरात गोळी असेल तर उघडताक्षणी ती आपोआप बाहेर उडून पडायची. या गमतीचं बाबूजींना फार कौतुक होतं. परवान्यासाठी ते भंडाऱ्याला कितीदा गेले ते त्यांनाच ठाऊक. दर वर्षी ठाण्यात जाऊन नंबर दाखवायचा, मतदान आलं की वस्तू ठाण्यात ठेवायची, मग परत आणायची. एवढ्या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतः ती एकदाही झाडली नव्हती. मेमसाहेबांनी दिलेली पाच काडतुसं तंबाखूच्या डबीत, देवाच्या कोनाड्यात असायची आणि रिव्हॉल्व्हर आतल्या खोलीतल्या पेटीत, फलालीनच्या तुकड्यात गुंडाळलेलं. "गोळ्या आता सर्दावल्या असतील," बाबूजी म्हणायचे. "दगडं झाली ती."

सिनेमाचं वेड शंकरकाकांचं. धानाची कापणी आटोपली की ते आम्हा सगळ्यांना सर्व्हिस मोटारीने गोंदियाला न्यायचे, आणि टॉकीजमध्ये तीनचा खेळ पाहून आम्ही संध्याकाळच्या मोटारीने परतायचो. मायने बरोबर मुरमुरे आणि लाखोळीच्या डाळीचे वडे बांधलेले असायचे. अशाच एका खेळात मी पहिल्यांदा आमची वस्तू पडद्यावर पाहिली. रेशमी साडीतली एक बाई जिना उतरून आली, बटवा उघडला आणि त्यातून अगदी तसंच, आखूड नळीचं, मुठीएवढं रिव्हॉल्व्हर काढलं. मी मायचा हात गच्च धरला. "आपलं," मी म्हणाले. मायनेही मान हलवली, "हो वं, आपलंच."

बाबूजींसोबत असे सिनेमे पाहणं अवघड होतं. नायकाने गोळ्या झाडायला सुरुवात केली की ते मोजायला लागायचे, आणि तेही मोठ्याने. "चार. पाच. झाल्या. हे सहावी कुठून आली? सातवी? अरे, भरली कवा यानं?" पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहायची, काका खाली घसरून बसायचे. पडद्यावरचे लोक रिव्हॉल्व्हर कसं धरतात, चापावर बोट ठेवूनच कसं बोलत सुटतात, याबद्दल बाबूजी घर येईपर्यंत बोलत राहायचे. "हत्यार दुसऱ्याले द्याच्या आधी उघडून दाखवाव लागते. घेनाऱ्यानंही उघडून पाहाव लागते. हे कोनीच करून नाही राहिलं." मला हे सगळं ऐकू यायचं, पण डोळ्यांसमोर ती जिना उतरणारी बाई असायची. मी आरशासमोर तिच्यासारखी मान तिरपी करून पाहायचे, हातात पळी घेऊन.

मी तेरा वर्षांची होते त्या साली, धानाची कापणी चालू असताना, एक जीप आमच्या दुकानासमोर थांबली. गाडीला पाणी हवं होतं. आत मुंबईची माणसं होती. एक सिनेमा कंपनी नवेगावच्या तलावाकाठी तळ ठोकून होती, जंगलातले काही प्रसंग उन्हात चित्रित करायचे होते. जीपमधले मॅनेजर सक्सेनाजी म्हणून होते, घामाने भिजलेले आणि हैराण. त्यांची सामानाची एक पेटी मुंबईलाच राहिली होती आणि नेमकं त्यातच सिनेमातल्या बाईचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. पेटी येईपर्यंत थांबायचं तर म्हाताऱ्या नटाच्या तारखा संपत होत्या. हे सगळं ते चहा पिता पिता आपल्या ड्रायव्हरला सांगत होते, आणि शंकरकाका बाजूलाच उभे होते.

"हमारे यहाँ है," काका म्हणाले.

बाबूजींनी आधी नाही म्हटलं, मग पुन्हा नाही म्हटलं. पण सक्सेनाजी माणूस गोड होते, त्यांनी रिव्हॉल्व्हर मागितलं नाही, त्याची गोष्ट विचारली. बाबूजींनी ती तरसापर्यंत सांगितली. सक्सेनाजी पोट धरून हसले. शेवटी बाबूजी म्हणाले की परवाना त्यांच्या नावावर आहे, वस्तू त्यांच्या हाताच्या अंतराबाहेर जाणार नाही. ते स्वतः घेऊन येतील, समोर बसतील, काम झालं की परत आणतील. गोळ्या घरीच राहतील. सक्सेनाजींनी सगळं कबूल केलं. मग बाबूजींनी पेटी उघडून रिव्हॉल्व्हर आणलं, त्यांच्यासमोर मोडून पाचही घरं रिकामी दाखवली, नळीतून आभाळ दाखवलं, आणि पुन्हा फलालीनमध्ये गुंडाळून ठेवून दिलं. ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घ्यायला येईल. मलाही न्यायचं ठरलं. काकांनी तर त्याच दिवशी दाढी केली.

आता जे मी लिहिते आहे ते माझ्या मुलांनाही नीटसं माहीत नाही.

जीप गेल्यावर बाबूजी आणि काका कापणीवर गेले. माय आंगणात ढेकीवर होती. किल्ल्यांचा जुडगा तिने कमरेला टोचतो म्हणून खुंटीला अडकवला होता. मी पेटी उघडली. उद्या ते रिव्हॉल्व्हर कुणी परकी बाई हातात घेणार, आरशात नाही, खऱ्या सिनेमात. त्याआधी एकदा मी घ्यावं, एवढंच मनात होतं. मी ते घेतलं, मान तिरपी केली, आरशातल्या मुलीकडे रोखलं. पण काहीतरी उणं वाटत होतं. पळी हातात धरली होती तेव्हा जे वाटायचं तेवढंही वाटेना. रिकामं होतं ना ते. मी कोनाड्यातली डबी काढली, कळ दाबून रिव्हॉल्व्हर उघडलं आणि एका घरात एक काडतूस सोडलं. ते इतकं अलगद आत बसलं, जणू वाटच पाहत होतं. मी ते बंद केलं. पुन्हा आरशाकडे वळले. आणि ढेकीचा आवाज थांबला.

माय पाणी प्यायला आत येत होती. मी ते गोळीसकट फलालीनमध्ये गुंडाळलं, पेटी लावली, किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि डबी कोनाड्यात ठेवली. माय आली, प्याली आणि जाताना जुडगा कमरेला खोचून गेली. संध्याकाळपर्यंत मी तिच्या मागे-मागे होते. जुडगा काही निघाला नाही. सांगावं असं दहादा ओठांवर आलं. पण बाबूजींचा राग कसा असतो ते मला माहीत होतं. ते मारायचे नाहीत, बोलणं बंद करायचे. मग मी मनाची समजूत घातली. बाबूजी उद्या उघडून पाहतीलच. हत्यार देण्याआधी उघडतात, हे त्यांचंच शास्त्र. ते पाहतील, गोळी उडून पडेल, मला रागावतील, संपेल. आणि तशीही ती दगडच झालेली आहे.

सकाळी जीप आली ती उशिरा. वाटेत चाक पंक्चर झालं होतं. नवेगावला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं. तलावावर बदकांचे थवे बसले होते, काठावर चंदेरी कागद लावलेले मोठे फळे माणसं उन्हाकडे वळवून धरत होती, छत्रीखाली तिपाईवर कॅमेरा होता. मी असं काही कधीच पाहिलं नव्हतं. सिनेमातली बाई लाकडी खुर्चीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होती. जवळून ती आमच्या शाळेतल्या बाईंसारखीच दिसत होती, फक्त तोंडाला पुष्कळ पावडर होती. तिच्या समोर एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे नट उभे होते. सगळे त्यांना पंडितजी म्हणत. सिनेमात ते कपटी ठेकेदार होते आणि या प्रसंगात ती बाई त्यांना गोळी घालणार होती. गोळीचा आवाज नंतर मुंबईत भरणार होते, इथे नुसता चाप ओढायचा.

बाबूजींनी फलालीन सोडलं. त्यांचा अंगठा कळेकडे गेला, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडले, "सक्सेना, धूप जा रही है, जल्दी." सक्सेनाजींनी, "लाइए, लाइए भाईसाहब," म्हणत ते बाबूजींच्या हातातून घेतलंच आणि धावत त्या बाईला दिलं. बाबूजींचा हात तसाच पुढे राहिला. गावातली पन्नासेक माणसं बांधावर बसून पाहत होती. त्यांच्यासमोर मुंबईच्या माणसांना थांबवायचं, हे बाबूजींना जमलं नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

आधी तालीम झाली. बाई पंडितजींपासून आठ-दहा हातांवर उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि हात वर केला. मला उठायचं होतं. पाय होते, तोंड होतं, सगळं होतं, आणि मी उठले नाही. तिने चाप ओढला. टक्, असा आवाज झाला. पंडितजी छातीला हात लावून खाली बसले आणि लगेच उठून धोतर झटकू लागले.

"बहुत अच्छे," दिग्दर्शक म्हणाले. "अब टेक करेंगे."

एक घर गेलं होतं. उरलेल्या चारांपैकी एकात ती होती. कितव्या, ते मला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याचा घर्रर्र आवाज सुरू झाला, बाईने पुन्हा ती दोन वाक्यं म्हटली, आणि यावेळी मी उठले. धावले नाही. धावले असते तर कदाचित बाईने दचकून चाप ओढला असता, असं काका पुढे म्हणायचे. पण मी तेवढा विचार केला नव्हता. मी चालत गेले आणि पंडितजींच्या समोर, त्यांना पाठ करून उभी राहिले.

"कट, कट. ये लड़की कौन है?"

"त्यात गोळी आहे," मी म्हणाले. कुणाला कळलं नाही. मग मी हिंदीत म्हणाले, "उसमें गोली है. मैंने डाली."

बाबूजी कधी आले ते मला दिसलं नाही. त्यांनी त्या बाईचं मनगट हळूच खाली वळवलं, रिव्हॉल्व्हर काढून घेतलं, नळी जमिनीकडे केली आणि कळ दाबली. काडतूस उडालं आणि वाळूवर पडलं. पिवळं, उन्हात चकाकणारं. ते कितव्या घरातून आलं ते कुणालाही दिसलं नाही. आजही मला माहीत नाही की ते पुढचंच घर होतं का शेवटचं.

फळे धरणाऱ्या माणसांनी ते खाली ठेवले. सिनेमातली बाई आधी उभी होती, मग तिथेच वाळूत बसली आणि तोंड धुवायला पाणी मागू लागली. दिग्दर्शक बाबूजींना काहीतरी बोलायला पुढे आले. बाबूजींनी ते काडतूस उचललं, खिशात ठेवलं आणि हात जोडले. "पोरीनं भरली," ते म्हणाले, "पर मी नाही पाहिलं. चूक माझी आहे." हे ते मराठीतच म्हणाले, आणि तरी सगळ्यांना समजलं.

मी एका पळसाखाली जाऊन बसले होते. पंडितजी काठी टेकत आले आणि शेजारी बसले. जवळून ते फार थकलेले दिसत होते. मिशी चिकटवलेली होती, एका बाजूने सुटली होती. त्यांनी ती बोटाने दाबून बसवली. मग म्हणाले, "पहली बार में क्यों नहीं बोली, बेटी?"

त्यांच्या लक्षात आलं होतं. "डर लग गया," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. "दूसरी बार भी लगा होगा," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, त्याच हाताचा भार घेऊन ते उठले. तो हात जड होता. एवढंच मला त्यांच्याबद्दल सांगता येतं.

परतताना बाबूजींनी वाटेत जीप थांबवायला सांगितली. तिथे एका जुन्या बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, उंच पाळ होती, आसपास ना शेत ना माणूस. काकांना आणि मला त्यांनी जीपमागे उभं केलं, स्वतः पाळीसमोर गेले, ते काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं आणि पाळीच्या मातीवर नेम धरून चाप ओढला. दोन-तीनदा नुसतं टक् झालं. मग ते उडालं.

तो आवाज सिनेमातल्यासारखा नव्हता. लहान होता, कोरडा, कानात बोट घातल्यासारखा. पाळीची ढेकळं उसळली. झाडावरचे पक्षी उठले. बाबूजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सर्दावली नव्हती," ते म्हणाले.

मायला काकांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हंडीतलं धान उपसलं, मग मला आत बोलावून भात वाढला. वरण, भात आणि तळ्यातल्या झिंग्यांचं कालवण होतं.

"मले सांगाचं होतं ना कालच," ती म्हणाली. "कायले नाही सांगितलं?"

"तू मारली असतीस."

"हो, मारली असती," माय म्हणाली. "मंग मार खाचा होता."

त्याच संध्याकाळी बाबूजी आमच्या गावचे सुतार कवडूजी यांच्याकडे गेले. कंपनीला त्यांनी शब्द दिला होता, आणि तो कसातरी पाळायचा होता. रिकामं रिव्हॉल्व्हर उघडं करून त्यांनी कवडूजींसमोर ठेवलं आणि ते सागाचा तुकडा तासत होते तोवर बाबूजी शेजारून हलले नाहीत. नळी, चकरी, मूठ, सगळं हुबेहूब. चाप मात्र हलत नव्हता. काजळी आणि तेल घासून त्यांनी ते काळं केलं, मुठीवरचा टवकासुद्धा कोरला. सकाळी काका सायकलवर ते नवेगावला पोचवून आले. सक्सेनाजींनी म्हणे ते हातात घेऊन आधी झुकतं-मोडतं का पाहिलं, मग कपाळाला लावलं.

आठ दिवसांनी बाबूजी ठाण्यात गेले आणि रिव्हॉल्व्हर, उरलेली चार काडतुसं आणि परवाना तिथे देऊन आले. ठाणेदार त्यांच्या ओळखीचे होते. "काऊन जी पाटीलजी? इतक्या वर्षांची वस्तू," त्यांनी विचारलं. बाबूजी म्हणाले, "मले सांभाळता नाही आली." त्यानंतर दुकानात कुणी पिस्तोलाची गोष्ट काढली तर ते गिऱ्हाइकाला साखर हवी की गूळ ते विचारायचे. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त बोलायचे, अभ्यासाचं, पिकाचं, कशाचंही. त्या एका गोष्टीखेरीज.

सिनेमा गोंदियाला लागला तेव्हा दीडएक वर्ष उलटलं होतं. काकांचं लग्न झालं होतं आणि नव्या काकूंना घेऊन आम्ही सगळे गेलो. कोहमाऱ्याची निम्मी वस्ती त्या मोटारीत होती. तलाव दिसला तशा शिट्ट्या वाजल्या. बाईने बटव्यातून रिव्हॉल्व्हर काढलं आणि ते पडदाभर मोठं होऊन दिसलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हे पाहा पाटीलजींचं पिस्तोल." टाळ्या पडल्या. काकूंनी अभिमानाने काकांकडे पाहिलं, आणि काकांनी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. कवडूजी सुतार आमच्या दोन रांगा पुढे बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते. आवाज झाला, मोठा, सिनेमातला. पंडितजी छातीला हात लावून वाळूत पडले. बाई पुढे गेली, कॅमेरा पुढे गेला, पण माझी नजर मागे त्या पडलेल्या माणसावरच राहिली, चित्र बदलेपर्यंत.

परतीच्या मोटारीत मी आणि बाबूजी शेवटच्या बाकावर होतो. बाहेर अजून उजेड होता, कापलेल्या बांध्यांत गुरं चरत होती. पुढे सगळे सिनेमाबद्दल बोलत होते, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी दीड वर्ष जे मनात धरून होते ते तेव्हा बोलले.

"बाबूजी, पहिल्या वेळी मी गप्प बसली होती. तिनं चाप ओढला तरी उठली नाही."

मला वाटलं, मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

"मले माहीत आहे," मग ते म्हणाले. "मी तुह्याकडंच पाहून राहिलो होतो. तुहं तोंड पाहून समजलं होतं मले, का काहीतरी झालं आहे. उठून ते उघडून पाहाव, असं वाटलं. लोक पाहून राहिले होते." ते माझ्याकडे वळले. "मीही नाही उठलो, पोरी. तू तरी उठली."

मोटार कोहमाऱ्याच्या चौरस्त्यावर थांबली. बाबूजी आधी उतरले आणि मला हात देऊन खाली घेतलं, जरी आता मी चांगली पंधरा वर्षांची, त्यांच्या खांद्याला लागणारी झाले होते.